‘रुजवणे’ या क्रियापदाविरुद्ध

शिक्षणाविषयी जे मराठी लिहिले-बोलले जाते त्यात गेल्या तीसेक वर्षांत एका क्रियापदाने उच्छाद मांडला आहे. ‘रुजवणे’, कार्यालयीन वेष चढवला की ‘रुजविणे’. मूल्ये रुजवायची, संस्कार रुजवायचे, वाचनसंस्कृती रुजवायची, लोकशाही रुजवायची, आणि एवढे करून वेळ उरला तर वैज्ञानिक दृष्टिकोनही रुजवायचा. शाळेचा फलक, महाविद्यालयाचे ध्येयवाक्य, स्नेहसंमेलनातील अध्यक्षीय भाषण, पीएच.डी.च्या प्रबंधातील ‘उद्दिष्टे’ नावाचे प्रकरण, यांतली एकही जागा त्याने मोकळी ठेवलेली नाही. शब्द कानाला गोड आहे. त्यात माती आहे, बी आहे, पाऊस आहे. त्यामुळे त्याच्याकडे संशयाने पाहावे असे कोणाला वाटत नाही. आमचा त्याच्यावर आक्षेप आहे आणि तो शैलीपुरता नाही. ज्या कामाचे वर्णन म्हणून हा शब्द वापरला जातो ते काम निराळेच आहे, आणि त्या निराळ्या कामावर हा शब्द हिरवा पडदा टाकतो, असा आमचा आरोप आहे.

ते निराळे काम कोणते हे समजण्यासाठी या शब्दाच्या पाठीशी उभे असलेले इंग्रजी क्रियापद पाहावे लागते. ‘इन्कल्केट’ हे ते क्रियापद. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमाचे दहा गाभाघटक सांगितले होते. बी.एड., डी.एड. केलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ते पाठ केलेले आहेत. त्यांतला शेवटचा घटक वैज्ञानिक दृष्टिकोनाचा, आणि त्याच्या आधी इंग्रजी मसुद्यात नाम आहे ते ‘इन्कल्केशन’. पुढे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक आली. तिने आपल्या चौकटीत जी पाच गाभामूल्ये धरली, त्यांतले तिसरे विद्यार्थ्यांमध्ये मूल्यव्यवस्था ‘इन्कल्केट’ करण्याचे. या दोन दारांतून हे क्रियापद आमच्या खेड्यापाड्यांतल्या शाळा-महाविद्यालयांच्या कागदांवर आले आणि मराठीत उतरताना त्याने ‘रुजवणे’ हा अंगरखा घातला.

आता मूळ शब्दाची कूळकथा पाहा. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. तिच्यापासून ‘काल्कारे’, तुडवणे. त्याला ‘इन्’ हा उपसर्ग लागून ‘इन्कुल्कारे’ झाले, टाचेने आत दाबणे, तुडवून तुडवून आत बसवणे. सोळाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द घेतला तो लाक्षणिक अर्थाने: एखादी गोष्ट वारंवार, आग्रहाने सांगून दुसऱ्याच्या मनात पक्की करणे. अर्थात पाय दिसेनासा झाला, पण वारंवारता आणि दाब राहिला. इंग्रजीतले चांगले कोश आजही हा पुनरुक्तीचा आणि आग्रहाचा भाग सोडत नाहीत. एकदा सांगून मोकळे होण्याला इन्कल्केट करणे म्हणत नाहीत.

गंमत अशी, की याच टाचेपासून इंग्रजीत आणखी एक शब्द आला आहे: ‘रिकॅल्सिट्रंट’. मागच्या पायांनी लाथा झाडणारा. खेचर जसे झाडते तसा. आपण त्याचे मराठी आडमुठा, हट्टी, ऐकून न घेणारा असे करतो आणि विद्यार्थ्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर तसे लिहायची धमकी देतो. एकाच मुळापासून एक शब्द शिक्षकाच्या पायाला मिळाला आणि एक विद्यार्थ्याच्या. वरून टाच दाबली की खालून लाथ येणार, ही गोष्ट लॅटिन बोलणाऱ्यांना बहुधा आपल्यापेक्षा स्वच्छ दिसत असावी.

इंग्रजीत या क्रियापदाची भावंडे आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ‘इन्स्टिल’ म्हणजे थेंब थेंब सोडणे. ‘इम्प्रेस’मध्ये दाबून उमटवणे आहे. ‘इम्ब्यू’मध्ये भिजवणे, रंगवणे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने भारतीयत्वाचा अभिमान विद्यार्थ्यांत आणायचे सांगितले तेव्हा ‘इन्स्टिल’ हे क्रियापद निवडले. टाचेवरून थेंबावर आलो, हे काही कमी नाही! मराठीत मात्र दोन्हींचे भाषांतर ‘रुजवणे’च. मूळ बदलले तरी भाषांतर बदलत नाही तेव्हा भाषांतर कोणी मुळाकडे पाहून करत नाही हे उघड आहे.

मराठीजवळ शब्दांचा तुटवडा होता म्हणून असे झाले असेही म्हणता येत नाही. वारंवार शिकवण्याच्या प्रत्येक परीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. ‘ठसवणे’ आहे; त्यात टांकसाळीचा ठसा आहे, धातू तापलेला असावा लागतो आणि घाव एकच पण नेमका बसावा लागतो. ‘बिंबवणे’ आहे, त्यात पाणी किंवा आरसा आहे, आणि पाणी ढवळलेले असेल तर काहीच बिंबत नाही ही अट शब्दातच आहे. ‘भिनवणे’ आहे, ‘मुरवणे’ आहे. मुरायला लोणच्याइतका वेळ लागतो हे प्रत्येक घरात ठाऊक असते. ‘गळी उतरवणे’ आहे, त्यात घास घेणाऱ्याची नाखुशी आहे. ‘घोकून घेणे’ आणि ‘घोटून घेणे’ हे दोन शब्द जवळचे वाटतात पण गवयाला विचारा: पलटे घोटायचे असतात, घोकायचे नसतात. ‘पढवणे’ आहे, तो शब्द आपण पोपटासाठी आणि कोर्टातल्या साक्षीदारासाठी राखून ठेवला आहे. समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाला एक अख्खा समास दिला, तो उगाच नव्हे. आणि ‘कानीकपाळी ओरडणे’ आहे. या सर्वांत प्रामाणिक शब्द हाच, असे आमचे मत आहे. पुनरुक्ती आहे, आग्रह आहे, आणि समोरचा ऐकत नाही याची कबुलीही आहे. इन्कल्केटच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द शोधायचाच तर हा. पण ‘संस्थेने वर्षभर विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी मूल्ये ओरडली’ असे अहवालात कोण लिहील?

या सगळ्यांत ‘रुजवणे’ कुठे बसते? मुळात मराठीत क्रियापद आहे ते ‘रुजणे’. अकर्मक. बी रुजते. ते स्वतः रुजते. आम्ही राहतो त्या पाली गावात, बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर बिंदुसरेच्या तलावापाशी, कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहावे. ‘पेरलं’ म्हणेल, ‘उगवलं’ म्हणेल, ‘मोड आला’, ‘रुजलं’, ‘रुजलं नाही’ म्हणेल. ‘मी बी रुजवलं’ असे म्हणताना तो अडखळेल, कारण ते त्याच्या हातचे नाही हे त्याला पक्के कळते. घटस्थापनेला बायका घटाभोवती धान्य पेरतात, तेव्हाही ‘रुजत घालतात’. किती नेमका शब्द! घालणे आपल्या हाती, रुजणे त्याच्या हाती. मराठीने ही मर्यादा दोन शब्दांत सांभाळली होती. ‘रुजवणे’ने ती पुसली आणि बियाचे काम माणसाच्या नावावर चढवले.

त्यातून टाच आणि पेरणी यांचे वैर जुने आहे. मृगाचा पाऊस पडला म्हणून त्याच दिवशी कोणी तिफण धरत नाही. वाफशाची वाट पाहावी लागते. रान ओलेकच्च असताना त्यात बैल घातले, माणसे घातली, की काळी माती तुडवली जाते, दाबली जाते. वाळल्यावर वर पापडी धरते आणि खालचा मोड तिला भेदू शकत नाही. बी चांगले, पाऊस चांगला, तरी पेरा वाया. मग दुबार पेरणी, म्हणजे दुप्पट बियाणे आणि दुप्पट कर्ज. तुडवलेल्या रानात रुजत नाही हे आमच्या भागातले शाळकरी पोरही सांगेल. इंग्रजी शब्द म्हणतो तुडवा. मराठी भाषांतर म्हणते रुजवा. आणि माती सांगते की या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत. भाषांतरकाराने विळा आणि भोपळा एकाच दोरीत बांधला आहे.

(जाता जाता: नोकरीवर ‘रुजू होणे’ यातला रुजू अरबीतून आलेला आहे, त्याचा बियाशी काही संबंध नाही. पण कार्यालयीन मराठीत ‘मूल्ये रुजवली’ हे वाक्य ज्या सुरात येते तो सूर ऐकला, की लिहिणाऱ्याच्या मनात हा दुसराच रुजू असावा अशी शंका येते. मूल्य अमुक तारखेस मध्यान्हपूर्व रुजू झाले, मस्टरवर सही झाली, विषय संपला.)

आता व्याकरणाकडे येतो, कारण खरे पाप तिथे घडले आहे. ‘विद्यार्थ्यांमध्ये मूल्ये रुजवणे’, ‘मुलांमध्ये वाचनाची आवड निर्माण करणे’ ही वाक्ये इतक्यांदा वाचली आहेत की ती मराठी वाटू लागली आहेत. त्यांतला ‘मध्ये’ पाहा. तो इंग्रजीतून उचललेला आहे. या वाक्यात मूल हे एक पात्र आहे, कणगी आहे, डबा आहे. त्याच्या ‘मध्ये’ आपण काहीतरी ठेवतो आहोत. कर्ता आपण, कर्म मूल्य, आणि मूल बिचारे सप्तमीत पडलेले. घरात, ओसरीवर, शेतात जी मराठी बोलली जाते तिची रचना अशी नाही. तिथे ‘मुलाला गोडी लागते’. ‘पोरीला वाचायचा नाद लागला.’ ‘त्याला चांगलं वळण लागलंय.’ मूल चतुर्थीत आहे, ज्याला काही घडते ते. आणि कर्ता आहे गोडी, नाद, वळण, लळा, सवय. कोणी गोडी लावली असेल, पण लागल्याशिवाय लावण्याला अर्थ नाही हे ‘लागणे-लावणे’ या जोडीतच आहे. हेच क्रियापद दिव्याला वापरतो, रोपाला वापरतो. दिवा लावायचा, तो लागला तर. रोप लावायचे, ते लागले तर. ‘आंबा लावला होता, लागला नाही,’ हे वाक्य मराठीत किती सहज येते! ‘मूल्ये रुजवली होती, रुजली नाहीत’ असे एका तरी अहवालात वाचल्याचे कोणाला आठवते का?

इंग्रजी इन्कल्केटचे खरे मराठी ‘वळण लावणे’ असे आम्हाला वाटते. त्यात वारंवारता आहे, धीर आहे, थोडा जाचही आहे. ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लागतो, पाण्यालाही लागतो. मूल कित्ता गिरवते तेव्हा पुनरुक्ती मुलाच्याच हातून होते. पंतोजींच्या काळी धूळपाटीवर, नंतर दगडी पाटीवर, तेच अक्षर पुन्हा पुन्हा. शिक्षक फार तर हात धरतो. तुडवण्यात शिक्षकाचा पाय चालतो, गिरवण्यात मुलाचा हात चालतो. वारंवार शिकवण्याचे हे दोन प्रकार आहेत आणि त्यांना एकच नाव देणे हा निव्वळ आळस आहे.

इथे विनोबांचे एक निरीक्षण कोणी तरी पुढे करील, म्हणून आधीच त्याचा विचार करतो. विनोबांचे म्हणणे असे होते की भारतीय भाषांत इंग्रजी ‘टीच’ला स्वतंत्र धातूच नाही, ‘शिकणे’ हा मूळ धातू आणि ‘शिकवणे’ त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे शिकण्यास मदत करणे एवढेच आपल्या हाती. फार मोलाचे निरीक्षण आहे. पण मग कोणी म्हणेल, शिकणे-शिकवणे चालते तर रुजणे-रुजवणे का चालू नये? दोन्ही प्रयोजकच. याचे उत्तर असे, की प्रयोजकाचे रूप एक असले तरी त्याची नियत एक नसते. आई मुलाला ‘निजवते’. झोप तिने मुलाच्या डोळ्यांत कोंबलेली नसते. अंधार करते, थोपटते, गाते, आणि मूल निजते. न निजले तर ती थापट्या वाढवत नाही. (काही वाढवतात. त्यांची मुले रडतात.) दुसरीकडे आपण पाहुण्याला ‘बसवतो’, खांब ‘बसवतो’, आणि खिळाही ‘बसवतो’. तिन्ही प्रयोजकच, पण पाहुण्याला हातोडा लागत नाही. तेव्हा प्रश्न रूपाचा नाही, ते रूप कोणाच्या तोंडी आणि कोणत्या कागदावर आहे याचा आहे. विनोबांना ‘शिकवणे’ नम्र दिसले ते शिकणाऱ्याकडून पाहिल्यामुळे. अहवाल लिहिणारा कर्त्याच्या खुर्चीतून पाहतो. त्याला ‘रुजवणे’ हवे असते कारण त्यात श्रेय घेता येते.

आणि हे श्रेय किती पोकळ आहे हे पाहायला आमच्या जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे नसेल.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या शाळांत मूल्यशिक्षण आले. दहा मूल्ये: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादी वाईट आहे असे कोण म्हणेल? रोज परिपाठ, रोज सुविचार, रोज बोधकथा. वारंवारता होती, आग्रह होता; इन्कल्केटच्या कोशातल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. आता त्याच काळातली जनगणना पाहा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ होती. २०११ साली ती ८०७ झाली, राज्यातल्या सर्व जिल्ह्यांत कमी. गर्भातच मुलगी संपवण्याच्या धंद्यासाठी परळीचे नाव २०१२ साली देशभर झाले. ज्या दशकात आमच्या शाळांतली पोरे रांगेत उभी राहून स्त्री-पुरुष समानतेचा सुविचार म्हणत होती, त्याच दशकात त्यांना होऊ शकणाऱ्या बहिणी नाहीशा होत होत्या. हा दोष परिपाठाचा नाही, शिक्षकांचा तर नाहीच. निर्णय घेणारे त्या रांगेत नव्हते, घरी होते. सोनोग्राफीच्या खोलीत होते. पण मूल घर पाहते. आजी काय म्हणाली, बाप काय म्हणाला, आई का रडली, हे त्याला दिसते. सकाळची दहा मिनिटे त्याच्या समोर किती टिकावीत? त्यानंतर जे काही सुधारले असेल त्याचे श्रेय कायद्याच्या अंमलबजावणीला, तपासण्यांना, गावोगाव भांडलेल्या कार्यकर्त्यांना आणि आशाताईंना द्यावे लागेल. सुविचाराच्या फळ्याला ते देता येणार नाही.

श्रमप्रतिष्ठेचे तर बोलूच नये. आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या हद्दीत कोप्या पडतात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिकडेच संसार. मुले बरोबर जातात किंवा म्हाताऱ्यांजवळ राहतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, काही चांगली चालली, काही कागदावर चालली. बरोबर गेलेले मूल पहाटे आईबापामागे फडात जाते, धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. ते परत आल्यावर त्याला वर्गात उभे करून श्रमप्रतिष्ठेचे मूल्य रुजवायचे! कोणी कोणाच्या मनात काय रुजवायचे? त्या मुलाला श्रम ठाऊक आहेत. त्याला प्रतिष्ठा ठाऊक नाही, कारण ती त्याच्या आईबापाला मिळालेली त्याने पाहिलेली नाही. ती देणे साखर कारखान्याच्या, मुकादमाच्या, सरकारच्या हातात आहे. ती न देता मुलाच्या ‘मध्ये’ ते मूल्य घालणे म्हणजे देणेकऱ्याने सावकाराला काटकसरीवर प्रवचन देण्यासारखे आहे.

या यादीतले पहिले मूल्य राष्ट्रभक्ती. त्याचाही इतिहास आमच्याच प्रदेशात आहे. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून. मराठीतून शिकायचे तर हिप्परगा, अंबाजोगाई अशा ठिकाणच्या खाजगी शाळांचा आधार. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते, १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले, आणि १९३८ साली शाळा सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याच वर्षी औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला. मनाई झाली, त्यांनी ऐकले नाही, त्यांना काढून टाकले. पुष्कळांना पुढे नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, त्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते. संस्थानाच्या दृष्टीने ती मुले कोण होती? रिकॅल्सिट्रंट. लाथा झाडणारी. राजनिष्ठा त्यांच्यात पद्धतशीर तुडवली जात होती आणि ती टाच त्यांनी उडवून लावली. आज त्यांचीच नावे घेऊन आपण नव्या मुलांच्या मनात राष्ट्रभक्ती रुजवतो, आणि एखाद्याने वर्गात उलटा प्रश्न विचारला की त्याला उर्मट ठरवतो. त्या पिढीला आपले शिक्षक काय सांगतात यापेक्षा काय सोडून जातात हे दिसले होते. मुख्याध्यापकाच्या रिकाम्या खुर्चीने जे शिकवले ते परिपाठाच्या कोणत्या घटकात बसवणार?

आता आमच्यावर उलट आक्षेप येईल. तुम्हाला पाठांतर नको, शिस्त नको, सगळे आपोआप उगवू द्यायचे, हा सुखवस्तू शहरी पालकांचा लाडिक विचार आहे. नाही, हे आमचे म्हणणे नाही, आणि तो विचार आम्हालाही फारसा प्रिय नाही. पाढे पाठ करायलाच हवेत. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेली म्हातारी माणसे बाजारात अजून यंत्राच्या आधी हिशेब सांगतात. ऱ्हस्व-दीर्घ घोटून घ्यावे लागते. ते न घेतल्याचे परिणाम आम्ही दर परीक्षेत तपासतो. गावोगावच्या सप्ताहात पारायणाला बसलेली माणसे तीच ज्ञानेश्वरी दरवर्षी वाचतात आणि त्यांना कंटाळा येत नाही. पुनरुक्तीवर आमचा राग असता तर मराठीचे अध्यापन हा व्यवसाय आम्ही कशाला केला असता? पण पारायणाला माणूस स्वतः बसतो. पाढा चुकला तर चुकला हे मुलालाही कळते, शिक्षकालाही. मूल्याचा पाढा नसतो. समानता बरोबर म्हटली की चूक हे तोंड पाहून ठरवता येत नाही; ती पुढे दहा वर्षांनी, बहिणीच्या वाटणीचा प्रश्न येतो तेव्हा कळते. जे वारंवारतेने साधते ते वारंवार करावे. जे तिने साधत नाही तिथे ती केली की तोंडपाठ ढोंग तयार होते, आणि ढोंग मात्र फार चांगले रुजते.

‘संस्कार’ या शब्दाचे भक्त अशा वेळी श्यामच्या आईला पुढे करतात. करावे, पण पुस्तक वाचून करावे. श्याम पोहायला जायला भितो तेव्हा ती त्याला मारते, हे खरे. पण त्या माराने धैर्य नावाचे मूल्य त्याच्यात शिरले, असे साने गुरुजी सांगत नाहीत. श्याम विहिरीवर जातो, पाण्यात पडतो, भीती जाते. पोहणे पाण्यात पडून येते. मार त्याला विहिरीपर्यंत नेतो, पुढे नेत नाही, आणि मारणारीच्या मनातली कालवाकालवही त्याच कथेत आहे. आजच्या संस्कारवर्गांत विहीर नसते. फक्त शिंपटी असते, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केल्यापासून ती शब्दांची असते.

सर्वांत हास्यास्पद प्रकार वैज्ञानिक दृष्टिकोनाचा. राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. त्यांतल्या एका कलमात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी आहेत, आणि क्रियापद आहे ‘विकास करणे’. प्रत्येक नागरिकाने आपला आपण करायचा. दहा वर्षांनी धोरण लिहिणाऱ्यांनी तीच गोष्ट घेतली आणि तिला ‘इन्कल्केशन’ लावले. म्हणजे प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारण्याची वृत्ती वारंवार सांगून, प्रश्न न विचारता स्वीकारायला लावायची! घटनेतला शब्द धोरणापेक्षा सरस होता आणि मराठी अनुवादकांना तो आयता उपलब्ध होता. कोणी उचलला नाही.

राहता राहिले आम्ही, महाविद्यालयातले शिक्षक. आमचा छळ कोणी मुद्दाम करते असे नाही. रकाने येतात, ते भरावे लागतात. ‘विद्यार्थ्यांमध्ये मूल्ये रुजविण्यासाठी राबविलेले उपक्रम’ असा रकाना येतो आणि पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासह छायाचित्र लागते. मग संविधान दिनाला उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते, फोटो निघतो. स्वच्छता पंधरवड्यात नवे झाडू येतात, फोटो निघतो. पर्यावरणाचे मूल्य रुजवायला दरवर्षी त्याच खड्ड्यात रोप लावले जाते, तोच फोटो पुन्हा निघतो. खड्डा मात्र खरोखर वारंवारतेने आणि आग्रहाने वापरला जातो. ते रोप लागले का, हे विचारणारा रकाना नाही. असे लिहिताना आमच्यातल्या कित्येकांची मान खाली जाते हे आम्हाला ठाऊक आहे, कारण स्टाफरूममध्ये त्यावर हसणारेही आम्हीच आणि सायंकाळी तो मजकूर टंकलिखित करणारेही आम्हीच. भाषेच्या शिक्षकाला हा मजकूर लिहायला बसवतात ते त्याची भाषा ‘चांगली’ असते म्हणून. तेव्हा निदान भाषेच्या शिक्षकांनी तरी या क्रियापदाशी असहकार करावा, असे आमचे सांगणे आहे. रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर त्यात खरे क्रियापद लिहावे. सांगितले असेल तर ‘सांगितले’. वाचून दाखवले असेल तर ‘वाचून दाखवले’. सक्तीने बसवले असेल तर तसे. ‘मध्ये’ काढून ‘ला’ लिहून पाहावा आणि वाक्य उभे राहते का ते बघावे: या वर्षी कोणाला कशाची गोडी लागली?

या प्रश्नाला अक्षांश-रेखांशाचे छायाचित्र जोडता येत नाही. पण ग्रंथालयाची देवघेवीची वही जोडता येते. तिच्यात आमच्या बी.ए.च्या वर्गातल्या, घरी ऊसतोड असलेल्या मुली ऑक्टोबरपर्यंत दिसतात, मग गायब होतात, आणि त्यांतल्या दोघी-तिघी एप्रिलमध्ये परत येऊन पूर्वी अर्धवट राहिलेलेच पुस्तक पुन्हा मागतात. समितीपुढे यापुढे ती वही ठेवावी.